भेगाळलेले नमुने

१६ मे १९७८, मंगळवार. नागपूर

आज पुन्हा कन्हानकडे, कारखान्याच्या सांडपाण्याच्या खड्ड्यावर. खाली सहा फूट काळी चिकणमाती आहे. ती ओलांडून शेजारच्या विहिरीत उतरायला सांडपाण्याला कित्येक वर्षे लागतील, असे माझा अहवाल सांगतो. उद्या साहेब त्यावर सही करणार.

विहिरीचे पाणी पिवळसर दिसले. ज्यांची विहीर, त्या अनसूयाबाईंना मी म्हटले, "ही माती पाणी खाली सोडत नाही."

"काहून नाही सोडत वं बाई? मागच्या उन्हाळ्यात माहा विळा भेगेत गेला, तो गेलाच. पाण्यालेच का रस्ता भेटत नाही?"

 खड्ड्याखालच्या मातीचे नमुने काढताना काही भेगाळलेले निघाले होते. भेगाळलेला नमुना खराब समजून टाकायचा, हीच आमची पद्धत. मीही टाकले. चाचणी झाली ती फक्त अखंड मातीची. आकडे चुकलेले नाहीत, पण ते भेगा नसलेल्या जमिनीचे आहेत. इतके साधे मला आधी का दिसले नाही?

निघताना त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केले. घसा कोरडा पडला होता, तरी मी नको म्हटले. ते त्या स्वतः प्यायल्या.

सकाळी सहीच्या आधी अहवाल परत मागायचा.