नाव, चेहरा, आवाज

इंदूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
ऋग्वेदचा शि. सा. न. वि. वि.

या केसबद्दल फोनवर एक अक्षर लिहायचं नाही अशी वासुदेव सरांची ताकीद आहे, म्हणून पत्र. बड्या लोकांच्या बदनामीच्या केसेस आमच्या वकिलीच्या ऑफिसात नेहमीच्या, पण काल अर्जावर तुझं नाव टाइप केलं.

तुझा चेहरा आणि आवाज मशीनवर बनवून तुझ्या तोंडी त्या शिव्या कोणी घातल्या, ते बहुधा कळणार नाही, असं सर म्हणाले. व्हिडिओ हटवता येतील, एवढंच. मी प्रत्येक लिंक उघडून तपासतो, आवाज बंद ठेवून. आमचा ज्युनियर वकील नीरज म्हणतो, भिया, तू तो जज साहब से भी ज्यादा देखता है.

रोज नवी कॉपी निघते. एका नटाच्या अर्जात ‘नाव, चेहरा किंवा आवाज असलेला प्रत्येक व्हिडिओ’ अशी मागणी होती. तीच आपल्याकडे घातली तर एकही सुटणार नाही. घालू का?

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
ऋग्वेद

सांवेर, ९ ऑगस्ट

चि. ऋग्वेद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र की परीक्षेचा पेपर रे? एवढं नीट लिहिणारा मुलगा बी.कॉम. अर्धवट सोडतो!

इथे मी रियाजाला बसले की सासूबाई टीव्ही मोठा करतात. समीर म्हणतात, लोग भूल जाएँगे. भजनांची सगळी बोलावणी गेली, फक्त नवरात्रात देवीच्या मंदिरातलं उरलंय. समितीने अजून नाही म्हटलेलं नाही. तेवढं टिकलं तर पुन्हा लोकांसमोर बसता येईल. ते गेलं तर मग घरातच.

सगळं घाल. एकही सोडू नकोस. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
इरावती

इंदूर, २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑर्डर मिळाली. सरांनी ऑफिसात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी नेटवर तुझं नाव शोधलं. घाणेरडे व्हिडिओ गेले होते. तुझी भजनंही गेली होती. तुझं चॅनलच गेलं. आई पेटीवर साथीला असलेलं ते रेकॉर्डिंगसुद्धा.

व्हिडिओ हटवणारी कंपनीची मशीन खरं-खोटं बघत नाही, नाव, चेहरा किंवा आवाज जुळला की काढून टाकते. नटाच्या माणसांनी कंपनीशी बोलून त्याचे व्हिडिओ परत आणले होते. हे मला ठाऊक नव्हतं आणि सरांच्याही लक्षात राहिलं नाही. आपल्या मेलला रोज तेच छापील उत्तर येतं. दुरुस्तीच्या अर्जाची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

ती शिव्यांची क्लिप आता एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरते. तिला लिंकच नाही, तर अर्जात काय लिहू? तुझ्याकडे जुनं काही असेल तर जपून ठेव.

राग आला असेल तर तोही लिही.

तुझा,
ऋग्वेद

सांवेर, १४ सप्टेंबर

चि. ऋग्वेद यास,
अनेक आशीर्वाद.

राग नाही. एकही सुटणार नाही असं तू लिहिलंच होतंस आणि ‘घाल’ असं मीच म्हटलं होतं.

जुनं सगळं चॅनलवरच होतं. तुझं पत्र आल्यावर स्वयंपाकघरात बसून एक भजन रेकॉर्ड केलं, समीरनी ते चढवलं. चहा होईपर्यंत ते गेलंही.

काल समितीच्या निशांतजींचा फोन आला. भला माणूस आहे. दीदी, एक असली वाला भेज दो, कमिटी को दिखा दूँ, असं म्हणाले. पाठवायला काही नव्हतं. मी म्हटलं, आत्ता फोनवरच गाऊन दाखवते. ते म्हणाले, आवाज तो उस गंदी क्लिप में भी आपकी ही थी, दीदी.

मी फोन ठेवला. नवरात्राला दुसरी बाई ठरली आहे.

दिवाळीनंतरच्या तारखेला तू कोर्टात जाशीलच, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मी येणार नाही. भाऊबीजेला मात्र ये. गायला सांगू नकोस.

तुझी,
इरावती