बालुशाही जमली

ती. बाबांना लांबूनच, पण वाकून नमस्कार.

पत्र लिहायचं टाळत होते. बालुशाही जमेपर्यंत कळवायचंच नव्हतं. आता जमली!

पिठात तुपाचं मोहन घालायची वेळ आली की तुम्ही मला भटारखान्यातून बाहेर काढायचात. आईला दटावायचात, "हिला शिकवू नकोस, आपली कला दुसऱ्या घरी जाईल." बाबा, मला अजून नवराच नाही, दुसरं घर कुठून आणू?

पहिला घाणा दगड झाला. मी काम करते त्या बेकरीची मालकीण म्हणाली, "दाराला अडकण म्हणून लावू?" मग उमगलं, पीठ मळायचं नसतं, नुसत्या घड्या घालून दाबायचं. आता पाकातून काढली तरी पापुद्रे सुटतात.

खोली छान आहे, ओल जराशीच येते. भाजलेला हात बरा आहे.

परत ये म्हणू नका, येणार नाही. बेकरीतल्या मिठाईच्या कपाटावर तुमच्याच दुकानाच्या नावाची पाटी लावलीय. रागवायचं तर रागवा.

गुडघा कसा आहे?

थांबा, मालकीण हाक मारतेय.

बाबा, आई आलीय! एकटी, बॅग घेऊन. तुम्हाला सांगून निघाली का? एक बालुशाही खाल्ली, दुसरी उचलली आणि म्हणाली, "ह्यांना लिही, मी राहायला आलेय."

तुमची,
हट्टी लेक