पाऊस होता का?

प्रिय कोलम,

माझा टॉवेल तीन दिवस दोरीवर लटकतोय आणि त्यावर साऱ्या गावाचं मत घेऊन झालंय. पोस्टमन म्हणतो, "आज काही वाळायचं नाही हो, नोरीनबाई." शेजारचा पॅकी कुंपणावर रेलून म्हणतो, "दुपारी उघडेल बघ." दुपारी आभाळ फाटलं, तरी गडी भिजत उभाच. "वारा मात्र झकास सुटलाय हं!" आयर्लंडच्या या टोकाला माणसं मेली तरी बोलतील ढगांबद्दल.

वाटलं होतं, ऑस्ट्रेलियात जाऊन तू तरी सुधारशील. आईला माती देऊन मी घरी आले, बूटही काढले नव्हते, तेवढ्यात तुझा फोन. विमान मिळालं नाही, समजू शकते. पण पहिला प्रश्न काय? "पाऊस होता का गं?" मी म्हटलं, "आईलाच विचार!" आणि फोन आपटला.

आज पॅकी पुन्हा कुंपणाशी आला. मी दम भरला, "पावसाचं नाव काढलंस तर बादली ओतेन अंगावर."

"ओत की," तो म्हणाला. "तुझी आईच म्हणायची ना, नवरीवर ऊन पडावं आणि शवपेटीवर पाऊस, म्हणजे माणूस सुखानं पोचतो?"

तू हवा विचारत नव्हतास, गाढवा.

हे पत्र टाकत नाही. पोचायला आठवडा लागेल, तोवर तुला ताटकळत ठेवणार नाही. आत्ताच फोन लावते आणि सांगते: पडला रे. पेटी खाली सोडताना, अगदी बारीक. सगळे भिजलो.

तुझी तुसडी बहीण,
नोरीन