लेकीचं बाळंतपण सुनेच्या पोटी

दि. ६ ऑगस्ट २००७
सकाळी पोळ्या लाटता लाटता अलकाच्या पोटात लाथ बसली. ती हसली. मी लाटणं टाकून हात लावून पाहिला. बिलकुल शोभावर गेलंय, शोभा पण स्वयंपाकाच्या वेळीच धिंगाणा घालायची.
अलका माझी सून, शोभा लेक. लेकरू शोभा-जावईबापूंचं. शोभाची पिशवी काढावी लागली तवा अलकाच म्हणली, "ताई, माझी दोन झाली, एक तुमच्यासाठी वाढवते." औरंगाबादच्या डॉक्टरनी दोघांचं नळीत जुळवून अलकाच्या पिशवीत ठेवलं. सरोगसी म्हणतात. गल्लीत सगळ्यांना ठाऊक, मीच सांगितलं. दिलीप चिडला, पण आनंद काय डब्यात झाकून ठेवू?
दिलीप एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत, तिथला विमा आहे. अलकाची दोन्ही बाळंतपणं त्यातच झाली. मला घोर न्हाई.

दि. ११ ऑगस्ट
घोर लागला. दिलीपनं कंपनीत विचारलं. दोन लेकरांपुरतंच देतात, तिसरं बसत न्हाई. मी म्हणले, "तिसरं कुठलं, हे तर शोभाचं पहिलं."
"आई, त्यांना पोट दिसतं. आतलं कोणाचं ते न्हाई दिसत."
मंग जावईबापूंना फोन. त्यांच्या औ.बादच्या ऑफिसात पहिलं बाळंतपण बसतं, पण बायकोचंच. बायको शोभा, आन् शोभाचं पोट सपाट.
एका विम्यात पोट बसतं, लेकरू न्हाई. दुसऱ्यात लेकरू बसतं, पोट न्हाई.
पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं असतं. शोभाचं माहेर म्हंजे मी. हे माझ्याच डोक्यावर.

दि. २० ऑगस्ट
अलकाच्या पायावर सूज, बी.पी. वाढलं. डॉ.बाई म्हणाल्या, जालन्यात करू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. सिझर होईल, लेकराला काचेच्या पेटीत ठेवावं लागंल. खर्च ऐकून दिलीप बाकावर बसला तो उठंना.
तिथून जुन्या जालन्यात विम्याच्या एजंटाकडं, मोहनराव नाव. त्याच्या शेजारच्या दुकानात झबल्याचं मऊ कापड पाहिलं, पिवळं, घेऊनच टाकलं. मोहनराव म्हणे, "मावशी, आज पॉलिसी काढली तरी बाळंतपण तीन-चार वर्षांनी बसंल."
"मंग पोराला सांगते, आतच थांब."
तो हसला. मला रिक्षात रडू आलं. कापड मांडीवर धरून.

दि. ५ सप्टेंबर
मोहनराव घरी आल्ता. जावईबापू-शोभा पण आल्ते. दार लोटून म्हणला, "अलकाबाईंना शोभाबाईंच्या नावानं भरती करा. विम्याच्या कार्डावर फोटू न्हाई. जन्माच्या दाखल्यावर पण आई शोभाबाईच लागतील, सगळं बराबर."
जावईबापू खाली पाहून राह्यले. दिलीप हो म्हणला. मला तर देव भेटल्यासारखं झालं.
अलका चहा ठेवून आत गेली. नंतर भांडी घासताना म्हणली, "आत्याबाई, मी आत गेले आन् माघारी न्हाई आले तर?"
"अभद्र बोलू नको."
"कागदावर शोभाताई मेल्या म्हणून लागंल. माझ्या लेकरांची आई कोणत्या कागदात जाईल?"
मी म्हणले, दवाखान्याला पैसा लागतो, हट्ट करू नको. मी घासलेलंच पातेलं परत घासत बसले.

दि. २३ सप्टेंबर
डोहाळजेवण झालं. पितृपक्ष लागायच्या आत उरकायचं होतं. ओटी कोणाची भरावी? शेजारीण म्हणली अलकाची, माझी नणंद म्हणली शोभाची. मी दोघींना एकाच झोपाळ्यावर बसवलं. दोघींना हिरव्या साड्या, दोघींना फुलांच्या वाड्या. झाकलेल्या वाट्या पुढं केल्या तर अलका म्हणली, "ताई, तुम्ही उचला." पेढा निघाला.
जावईबापूंच्या साहेबाच्या बायकोला मीच फोन करून बोलावल्तं. एवढी मोठी बाई औ.बादहून आली. किती गोड. दोघींची ओटी भरली. "आजीबाई, हे कसं काय?" म्हणली, तर मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाटलं, साहेबाच्या कानावर दोन चांगले शब्द घालंल. श्रीखंड पण कमी पडलं न्हाई.

दि. २७ सप्टेंबर
जावईबापूंचा फोन. साहेबानं बोलावून विचारलं, "तुमची मिसेस किती बारीक दिसत होती म्हणे डोहाळजेवणात?" विम्याच्या कागदावर सही साहेबाचीच असते. आता शोभाच्या नावानं कोणी भरती झालं तर जावईबापूंची नोकरीच जाते.
दिलीप म्हणला, "आई, सोयऱ्यांना जेवायला बोलवायचं होतं, कंपनीला न्हाई."
मी ताट तसंच झाकून ठेवलं. अलका मात्र दुपारी गाढ झोपली. लय दिवसांनी.

दि. ९ ऑक्टोबर
जावईबापूंनी आता खरं तेच लिहून दिलं. लेकरू आमचं, वाढवती माझ्या मेव्हण्याची बायको, हे आमचं पहिलं धरा. साहेब म्हणे, "असं आमच्याकडं पहिलंच. वर पाठवतो."
मी दिलीपच्या कंपनीत पण गेल्ते, त्याच्या गाडीवर मागं बसून. मॅनेजरनं खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, तुमचं पटतं मला. पण मला पटून चालत न्हाई." चांगला माणूस. त्याची आई आमच्याच भागातली, टेंभुर्णीची निघाली. त्यानं काय होतं?
अलकाचं तोंड सुजलंय. बिनमिठाचं जेवती, तक्रार न्हाई. तिनं तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

दि. २६ ऑक्टोबर, औ.बाद
सकाळी अलकाला डोळ्यापुढं अंधारी आली, डोकं फुटतंय म्हणली. जीप करून इथं मोठ्या दवाखान्यात आणलं. साहेबानं वर पाठवलेल्या कागदाचं अजून काही उत्तर न्हाई. खिडकीतल्या पोरीनं नाव विचारलं. दिलीपनं खिशातून कार्ड काढलं, शोभाचं. अजून जवळ ठेवल्तं त्यानं. शोभानं पाहिलं. जावईबापूंनी मान फिरवली. अलका चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून.
मी म्हणले, "लिही बाई, अलका दिलीप."
"विमा?"
"विचारलाय."
"तुमचं नातं?"
"सासू. लेकराच्या आईची आई."
"आजी, एकच काय ते सांगा."
सासू लिहिलं. दिलीपनं कार्ड खिशात घातलं आन् पैशाच्या मागं फोन करत बाहेर गेला.

दि. २७ ऑक्टोबर
सिझर आजच करायचं ठरलं. थांबलं तर दोघांना धोका. नर्सनं बांगड्या काढायला सांगितल्या. सुजेमुळं निघेनात, शोभानं साबण लावून एकेक काढली. डोहाळजेवणाच्या हिरव्या.
आत नेताना अलकानं माझा पदर धरला. "आत्याबाई, नाव माझंच लिवलं ना?"
"तुझंच."
"मंग चला."
दार बंद झालं. शोभा दाराशी उभी आहे, बांगड्या पदरात बांधून. बस म्हणलं तर बसत न्हाई. दिलीप अजून आला न्हाई. पिवळं झबलं माझ्या पिशवीत, काजं करायची राह्यलीत. सुई आणलीय, दोरा ओवून ठेवलाय.
आत्ता जावईबापूंचा फोन वाजला. साहेबाचा हाय, वरून उत्तर आलं असंल म्हणले आन् वरच्या जिन्यावर गेले. अजून खाली आले न्हाईत.