तिसरी बंदूक

बाबा, काल पौर्णिमा होती. विहारात पंचशील म्हणून घ्यायची पाळी माझी होती, आणि पहिल्याच शीलाला, प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याच्या, माझ्या तोंडाला घाण चव आली. ही चव जुन्या ओळखीची आहे. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली, मी स्वतः शाळेतून रिटायर झाले, तरी ती गेलेली नाही. गावाला पंचशील शिकवलं तुम्ही, पांढरा सदरा घालून, एकेक शब्द सुटा करून. आणि त्याच पांढऱ्या सदऱ्यात तुम्ही देशमुखाच्या अंगणात उकिडवे बसून शिकारीची बंदूक निवडलीत. मला तुमची किळस आली होती. आई होती तोवर हे लिहिता आलं नसतं. आता कुणी वाचणारच नाही, तर लिहिते.

तुम्ही कचेरीत कारकून. नवा साहेब आला होता आणि त्याला शिकारीचा नाद होता. शिकारीला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण साहेबाला बंदी कोण करणार? देशमुखाकडे पिकाच्या राखणीच्या परवान्यावर जुन्या ठासणीच्या बंदुका होत्या आणि त्याचं कसलंसं काम कचेरीत अडलं होतं. त्याने निरोप धाडला, हवी ती घेऊन जा. साहेबाला पाखरं हवी होती, ससे हवे होते, जमलं तर चितळ; बंदुकीतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं, आणि का कळत होतं ते अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. निजामाच्या राज्यात आजोबा याच देशमुख घराण्याच्या शिकारीत हाका देत, म्हणजे डबे बडवून, ओरडून रानातलं जनावर बंदुकीपुढे हाकत आणत, आणि तुम्ही मागून बंदुका वाहत. दीक्षा घेतल्यावर तुम्ही घरात सांगितलं होतं की या घरातला कुणी आता दुसऱ्यासाठी हाका देणार नाही. मी ते वाक्य मैत्रिणींना ऐकवत असे.

त्याच महिन्यात मला मास्तरणीची नोकरी लागली होती, पण शाळा मिळाली जंगलातल्या एका गुड्यावर, म्हणजे गोंडांच्या पाड्यावर, बस सोडून दोन कोस पायी. आईचा दमा असा की तिला घरी एकटं सोडायची सोय नाही. देशमुखाच्या गावाला जाताना बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "साहेब तुह्या ऑर्डरचं पाहून राह्यले. गावाजवळची शाळा देतो म्हणे." मला सोबत कशाला आणलं ते तेव्हा कळलं नाही. तुम्हाला एकट्याला त्या अंगणात पाय ठेववत नसावा, असं आता वाटतं.

अंगणात बाजेवर तीन बंदुका मांडल्या होत्या. वर ओसरीत देशमुख खुर्चीवर, आजोबा ज्याच्यासाठी हाका देत त्या देशमुखाचा मुलगा. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. त्याने बस म्हटलं नाही आणि तुम्ही वाट पाहिली नाहीत, सरळ मातीत बसलात. शाळेतली तक्रार घेऊन मी घरी आले की मला सांगायचात, कुणाच्या पायाशी बसायचं नाही. मी उभीच राहिले.

पण तुमचे हात कामाला लागले आणि तुमचा चेहराच बदलला, हे मला जास्त झोंबलं. पहिली बंदूक लांबलचक, दस्त्यावर चांदीची फुलं. तुम्ही ती खांद्याला लावून फिरवलीत आणि ठेवून दिलीत. तोंडाकडे जड आहे, उडतं पाखरू हिच्यापुढून निघून जाईल म्हणालात. दुसरीच्या नळीत गजाला चिंधी गुंडाळून घातलीत, हळू फिरवून बाहेर काढलीत आणि धागे मोजल्यासारखे निरखलेत. चिंधी एका जागी फाटली होती, म्हणजे आत गंजाचा खड्डा. मग कान मोकळा आहे का ते बघायला, म्हणजे घोड्याशेजारचं ते भोक जिथून ठिणगी दारूला पोचते, तुम्ही नळीचं तोंड ओठांत धरून फुंकर मारलीत. ओठांना काळं लागलं. देशमुख वरून म्हणाला, "बापाचाच हात हाय. तुहा बापबी असाच फुकून देत होता आमाले." तुम्ही मान खाली घालून हसलात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते देशमुखाचं समजू शकते. पण तुमचा कुठला पीळ त्या हसण्यात सैल झाला, हे मला आजवर समजलेलं नाही.

मग तिसरी पाहिलीत. साधी, बिनफुलांची, चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारेचा दगड धरलेला, तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडायची. बाकी दोघींना ठिणगीसाठी लागणाऱ्या टोप्या नागपुराहून आणाव्या लागतात, गार ओढ्यात सापडते, असं तुम्ही खुश होऊन सांगितलंत. नळी आतून आरशासारखी, आत पेचाच्या खाचा नाहीत, म्हणून छर्रे भरा की गोळी. उन्हात ठिणगी दिसेना म्हणून मला पदराची सावली धरायला सांगितलीत. चाप ओढलात, आणि ठिणग्या बरोबर रंजकेच्या, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूच्या, वाटीत पडल्या. "हेच द्या," तुम्ही म्हणालात.

पुढच्या रविवारी साहेबाची शिकार झाली आणि हाका तुम्ही दिलात. मला हे पाणी भरताना दुसऱ्याकडून कळलं: पन्नाशी ओलांडलेले तुम्ही, तेलाचा डबा बडवत, आजोबांच्याच आरोळ्या देत पळसाच्या रानातून धावत होतात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा एका हातात पानात बांधलेला हाक्याचा वाटा होता. मुंडकं आणि आतडी. आजोबांना हेच मिळायचं. साहेब जेवताना म्हणाला म्हणे की मांस जरा चिवटच निघालं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण कुणाच्या तोंडून प्रथम निघाली असेल ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या हातात लिफाफा होता, माझ्या ऑर्डरचा. आईने चूल पेटवली. मी ताटावर बसले नाही. तुम्हाला म्हणाले, "डबा तरी धुऊन ठेवा बाबा, पुन्हा लागन." तुम्ही एकटेच जेवलात. त्यानंतर मी पंचवीस वर्षं त्या गावाजवळच्या शाळेत शिकवलं, विहारात पोरांकडून पंचशील म्हणून घेतलं, पण तुम्ही होतात तोवर तुमच्या आवाजात ते कधी ऐकलं नाही. विहारात तुम्ही उठलात की मी बाहेर जाऊन चपला लावत बसे. तुम्हाला ते दिसायचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, आईच्या ट्रंकेत त्या ऑर्डरखाली ठेवते. म्हणून एक गोष्ट, जी वर मी गाळली, ती लिहायला हरकत नाही. देशमुख बोलला, तुम्ही हसलात, त्यानंतर लगेच तिसरी पाहिली नाहीत. ओठ पुसलेत, दुसरी बंदूक बाजेवर ठेवलीत, उठून धोतराची माती झटकलीत आणि मला हळूच म्हणालात, "चाल माय. साहेबाले सांगतो, तिन्ही निकामी हायेत." तुम्ही फाटकापर्यंत पोचला होतात. मला तो गुडा दिसत होता, ते दोन कोस, आईची धाप. मी म्हणाले, "बाबा, तिसरी तर पाह्यलीच नाही तुमी." तुम्ही फाटकाच्या कडीवरचा हात काढला नाहीत. मग मीच बाजेपाशी गेले, ती उचलली आणि आणून तुमच्या हातात दिली. चांगली हलकी होती.