अकीक कापताना

आप्पा, आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. शिरूरच्या घरात मी एकटी असते. तुमचे जावई गेले, मुलगी लांब नांदते. गेल्या उन्हाळ्यात घोडनदीच्या पात्रात एक गारगोटी सापडली. घरी आणून तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं, आधी चाकूनं ओरखडा काढून बघितला. उठला असता तर मऊ दगड म्हणून टाकून दिला असता. नाही उठला. मग उन्हासमोर धरली, तर कडेतून मधासारखा उजेड आला. अकीक होता. त्याच आठवड्यात मी दगड कापायचं मशीन मागवलं.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमागं तुमचा ग्राइंडर असायचा. तुम्ही शेडमधले फिटर, पण रविवारी भीमेतून आणलेले दगड घेऊन बसायचात. एकदा मी वाकून बघतेय, वेणी पुढं आलीय, आणि तुम्ही मशीन बंद करून माझ्या थोबाडीत देता. "येणी गुतली आस्ती म्हंजी? डोकं गेलं आस्तं, कळतंय का?" मग तुम्हीच माझी वेणी वर बांधलीत, वेडीवाकडी, आणि कापलेला दगड तळहातावर ठेवलात. आत पांढऱ्या रेषा, एकात एक. "ह्ये आजवर कुणी बघितलं न्हाई. पयली तू."

माझ्या वेणीला एवढं जपलात, आणि स्वतः मात्र पात्यावर पाणी न सोडता कोरडंच कापत राहिलात. तोंडाला उपरणं बांधलं की झालं, असं आपल्या सगळ्यांनाच वाटायचं. खोकला लागला तेव्हा आई म्हणायची, "बिड्यांचा हाय." डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, दगडाची धूळ बसलीय. शेवटी शेवटी तुम्ही भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचात.

माझ्या मशीनचं पातं पाण्यात भिजत फिरतं. धूळ उडत नाही, राखाडी चिखल होतो. तरी मास्क आणि चष्मा लावते, अंगावर सैल काही ठेवत नाही, आणि चिखल ओला आहे तोवरच पुसून काढते. शेजारीण विचारते, "काकू, दगडं कापून काय मिळतं वो?" दगड उघडला की मुलीला फोटो पाठवते. ती अंगठा पाठवते. बिचारी कामात असते.

हे पत्र काही टपालात पडणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. कधी कधी कापायला दगड नसतो, तरी मी मशीन चालू करते. घरात जरा आवाज राहतो.