केंदूरच्या रुग्ण स्त्रीच्या तारणाबाबत

बाई,

घटना जशा घडल्या त्याच क्रमाने आधी मांडते, मत नंतर. मी दहा वर्षांची असताना तुम्ही दौंडच्या आपल्या चर्चमध्ये रविवारची शाळा घेत होता. सव्विसाव्या वर्षी मी पुण्याहून ईश्वरविज्ञानाची पदवी घेऊन परतले आणि मंडळीच्या पंच कमिटीत बसले. तिथली सर्वांत लहान आणि, माझ्या मते, एकटीच शिकलेली. त्याच वर्षी तुम्ही शिरूरच्या एका दवाखान्यात आठ दिवस परक्या स्त्रीच्या उशाशी बसलात. ती केंदूरची, फुलशेती करणाऱ्या घरातली, बाप्तिस्मा न झालेली. तिने तुम्हाला विचारले, 'माझं कसं व्हायचं?' तुम्ही म्हणालात, 'तुझं तारण झालंय. नीज आता.' दुसऱ्या दिवशी ती गेली. हंगामाच्या सणाला तुम्ही ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितलीत. मी उभी राहून आक्षेप घेतला. महिन्याभरात तुमचा वर्ग काढून घेण्यात आला. तीन वर्षांनी तुम्ही वारलात. या मांडणीत एकही चूक नाही. मी तपासून पाहिले आहे. तरीही हे लिहून झाल्यापासून मी खोलीत फेऱ्या मारते आहे.

आताच लिहिण्याचे कारण असे. मराठी ख्रिस्ती साहित्यातील तारणाच्या कल्पनांवर माझे पुस्तक तयार होत आहे. पाच प्रकरणे पूर्ण आहेत. गीतांमध्ये तारण म्हणजे पुरातून ओढून काढणे. जुन्या प्रवचनांमध्ये ती कोर्टातली सुटका: आरोप, पुरावा, शिक्षा, आणि ती शिक्षा दुसऱ्याने भोगणे. आत्मकथनांमध्ये घर सुटते, गाव तुटते आणि माणूस नव्याने जन्मल्यासारखा जगू लागतो. बायकांच्या ओव्यांमध्ये मात्र ताप उतरतो, तोंडाला चव येते. कीर्तनकारांनी तारणाचे घरी परतणे केले आहे. प्रत्येकाची बलस्थाने आणि उणिवा मी नेमक्या दाखवल्या. प्रवचनकारांच्या वाट्याला उणिवा अधिक आल्या. सहावे प्रकरण समेटाचे. त्याचे पहिले वाक्य मी चार महिने लिहिते आहे आणि खोडते आहे.

ही सगळी रूपे तुम्ही मला दहाव्या वर्षीच दाखवली होती, हे मान्य करायला मी फार वेळ घेतला. रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही नऊ मुले सतरंजीवर बसलो आहोत. तुम्ही कधीच व्याख्या देत नाही, हा तुमचा दोष मला तेव्हाही खुपतो. तुम्ही म्हणता, 'एक बाई हिरीत पडलीया. सांगा, कशी निघंल?' कोणी म्हणते, दोर टाकू. कोणी म्हणते, एकाने खाली उतरून तिला खांद्यावर घ्यावे. सर्वांत धाकटी म्हणते, पाणीच वर येईल आणि ती तरंगत काठाला लागेल. तुम्ही प्रत्येकाला म्हणता, 'व्हय, आसंबी व्हतं.' मी हात वर करते: 'आधी ती पडली कशी ते ठरवा. चूक कुणाची होती?'

'आगं माझ्या वकीलसाह्यबा,' तुम्ही म्हणता, 'आधी वर तर काढू! वल्ली बाई काठावर बसली की मंग इचार तिला काय इचारायचं त्ये.'

सगळे हसतात. मी आठवडाभर तुमच्याशी बोलत नाही.

त्या सणाच्या दिवशी वेदीसमोर वांगी, डाळिंबे, उसाच्या मोळ्या आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या मांडलेल्या होत्या. लोकांनी आणलेल्या त्या पहिल्या पिकाच्या लिलावाआधी साक्षी चालू होत्या. तुमची साक्ष संपली तशी मी उठले. 'बाईंनी हे आश्वासन कोणत्या आधारावर दिले? कबुली नाही, बाप्तिस्मा नाही.' तुम्ही गोंधळलात. 'ती लई घाबरली व्हती गं. आन् मीच जवळ व्हते.' 'हे उत्तर नाही,' मी म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून वरवंडचे एक आप्पा म्हणाले, 'म्हंजी आता वर जायलाबी हिचं सर्टिफिकेट लागतंय व्हय?' अख्खे चर्च हसले. कमिटीपुढे मी तारणाच्या सिद्धांतावर चाळीस मिनिटे बोलले. त्यातले एकही विधान आज मागे घेणार नाही. पण प्रश्न सिद्धांताचा नव्हता, त्या हसण्याचा होता. आणि त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होते.

मग तो शनिवार. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या मंडळीत लोक एकमेकांच्या दारी जातात. कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर ते मिटवून मगच दुसऱ्या दिवशी वेदीपाशी प्रभुभोजनाची भाकर घ्यायची. रीत स्पष्ट आहे: ज्याने दुखावले त्याने जायचे. वर्ग गेलेला तुमचा, आणि माझ्या दारी आलात तुम्ही. 'माझ्यामुळं चारचौघांत हसले लोक तुला,' तुम्ही म्हणालात. 'ऱ्हाऊ दिऊ नगंस मनात.' मी म्हणाले, 'माझ्या मनात काही नाही, बाई.' बसा म्हणाले नाही, चहा विचारला नाही. तुम्ही गेलात आणि मला वाटले, मी तुम्हाला क्षमा केली. अगदी मनापासून तसे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रांगेत जाऊन मी भाकर घेतली. पुढच्या तीन वर्षांत असे कितीतरी शनिवार आले. मी तुमच्या दारावरून इतरांच्या घरी गेले. तुमच्याकडे वळले नाही. तिथले काम माझ्या लेखी संपलेले होते.

आता मी त्याच कमिटीची ज्येष्ठ पंच आहे. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि भाकर वाटणाऱ्यांत माझे नाव आहे. परवा संध्याकाळी लोक माझ्या दारी येतील, मी काहींच्या दारी जाईन, आणि जिथे जायला हवे तिथे दारच उरलेले नाही. आधार शोधला. गीतकार सांगतात, देव क्षमा करतो. तो प्रश्न मी विचारलेला नाही. गेलेल्या माणसाशी समेट होतो का, आणि होत असेल तर आधी चालत कोण जाते, यावर मला मराठीत एकही समाधानकारक पान सापडलेले नाही. हाताशी इतके साहित्य असून, माझे स्वतःचे तारण त्यातल्या कोणत्या प्रकरणात बसते हे मला सांगता येत नाही. बसते की नाही हेही नाही. केंदूरच्या त्या स्त्रीला तुम्ही एका वाक्यात सांगितलेत. बाई, मीही घाबरलेली आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळते. ते टेबलाच्या खणातच राहील. तरीही शनिवारच्या आत कळवा: त्या तीन वर्षांत एकदा जरी मी तुमच्या दारी आले असते, तर तुम्ही काय म्हणाला असतात? उत्तर लेखीच हवे. तोंडी सांगू लागलात तर तिसऱ्या शब्दाला मी तुम्हाला दुरुस्त करीन, आणि याही वेळी पुढचे ऐकायचे राहून जाईल.